समुद्रजीवांच्या आदिवासी चित्रांचे लाकडी फर्निचर (ऑस्ट्रेलिया)

ऑस्ट्रेलियाच्या किनारपट्टीवरील आदिवासींच्या शैलीत समुद्रजीव रंगवलेले किंवा कोरलेले हातकामाचे मेज, बाक, कपाट, पेटारा असे लाकडी सामान. फर्निचरचा हा प्रकार अलीकडचा, पण त्यावरची चित्रे फार जुनी. नॉर्दर्न टेरिटरीतील अर्नहेम लँडचे योलंगू लोक या चित्रकलेसाठी विशेष ओळखले जातात. कासव, डुगाँग ही समुद्रगाय, पाकट, मुशी, खाऱ्या पाण्यातली मगर आणि बारामुंडी हे त्यांचे नेहमीचे विषय. बारामुंडी म्हणजे रायगडच्या खाड्यांत मिळणारा जिताडाच.

मूळ चित्रे स्ट्रिंगीबार्क या निलगिरीवर्गीय झाडाच्या सालीवर काढली जातात. पावसाळ्यात साल सोलून, विस्तवावर शेकून, वजनाखाली सपाट करतात. याच झाडाच्या वाळवीने पोखरलेल्या खोडापासून पूर्वी मृतांच्या अस्थी ठेवण्याचे रंगीत स्तंभ बनत. काव, पांढरी माती आणि कोळसा हे रंग. माणसाच्या केसांच्या बारीक कुंचल्याने माशाचे अंग तिरप्या रेघांच्या दाट जाळीने भरतात. ही जाळी लांबून पाहिली तर पाणी चमकल्यासारखी दिसते. रोज हात लागणाऱ्या मेजावर मातीचे रंग टिकत नाहीत, म्हणून तेथे बहुधा अॅक्रिलिक रंग व वर पारदर्शक लेप, नाहीतर कोरीव काम असते.

या नक्षीला केवळ सजावट समजणे ही मोठी चूक ठरेल. प्रत्येक नक्षी एका कुळाच्या मालकीची असते आणि ती रंगवण्याचा अधिकार वारशाने येतो. योलंगूंच्या मदार्पा कुळाच्या शंकरपाळ्यासारख्या आकारांत अग्नी आणि खारे पाणी आहे. १९९६ साली अर्नहेम लँडमधील ब्लू मड बे या उपसागराच्या किनाऱ्यावर बेकायदा मासेमारांच्या तळात पवित्र मगरीचे तोडलेले शिर सापडले, तेव्हा योलंगू चित्रकारांनी सालीवरची ८० चित्रे काढून समुद्रावरचा आपला हक्क मांडला. ती आज सिडनीच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात आहेत. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदिवासी जमिनीलगतच्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यावर त्यांचा हक्क मान्य केला.

मिलिंगिम्बी बेटावरील ‘मानापान’ या कार्यशाळेत योलंगू कारागीर स्वतः फर्निचर घडवतात. ती १९७२ साली स्थापन झालेल्या ‘आल्पा’ या आदिवासींच्याच संस्थेची आहे. चित्र आणि सुतारकाम एकाच समाजाच्या हातात राहणे महत्त्वाचे, कारण नकलांचा बाजार मोठा आहे. योलंगू चित्रकार बंदुक मारिका यांच्यासह अनेक चित्रकारांची चित्रे परवानगीशिवाय व्हिएतनाममध्ये गालिच्यांत विणली गेली होती. १९९४ मध्ये संघीय न्यायालयाने सुमारे १ लाख ८८ हजार डॉलरची भरपाई ठरवली. तीत सांस्कृतिक हानीही धरली होती. २०१९ मध्ये इंडोनेशियात बनलेल्या लाकडी वस्तू आदिवासींच्या म्हणून विकणाऱ्या कंपनीला २३ लाख डॉलरचा दंड झाला. अस्सल वस्तूसोबत म्हणूनच चित्रकाराचे नाव, कूळ आणि कलाकेंद्राचे प्रमाणपत्र मागून घ्यावे.