शिंकान्सेनच्या आधीचा जपान

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा विषय निघाला की जपानचा दाखला हमखास दिला जातो. १९४५ साली बेचिराख झालेल्या देशाने १९६४ साली ताशी २१० किलोमीटर वेगाची गाडी धावती केली, हे खरंच आहे. पण एवढंच सांगितलं की मधली माणसं गळून पडतात. माझ्या मते शिंकान्सेन, म्हणजे जपानची ही बुलेट ट्रेन, समजून घ्यायची तर ती त्या माणसांपासूनच घ्यायला हवी.

मुळात कल्पना युद्धाआधीची. जपानचं रेल्वेचं जाळं १,०६७ मिलिमीटरच्या अरुंद रुळांचं, त्यामुळे वेगाला मर्यादा. टोकियो ते शिमोनोसेकी रुंद रुळांचा वेगळा मार्ग टाकायला १९४० साली मंजुरी मिळाली, जमिनी घेतल्या गेल्या, बोगद्यांची कामं सुरू झाली. युद्ध अंगाशी आलं आणि सगळं थांबलं. त्यातला निहोनझाका बोगदा मात्र पुरा झाला होता. पुढे शिंकान्सेन त्यातूनच गेली.

युद्धानंतर, अमेरिकी ताब्याच्या काळात, १ जून १९४९ रोजी ‘जपानी राष्ट्रीय रेल्वे’ हे सार्वजनिक महामंडळ उभं राहिलं. सुरुवातच अशुभ. सुमारे लाखभर कामगारांची कपात जाहीर झाली आणि महिना उलटतो न उलटतो तोच पहिले अध्यक्ष शिमोयामा यांचा मृतदेह रुळांवर सापडला. ती आत्महत्या होती की खून, याचा उलगडा आजवर झालेला नाही. १९५१ साली साकुरागिचो स्थानकात गाडीला आग लागून १०६ माणसं गेली. १९५४ साली वादळात तोया मारू ही रेल्वेची फेरीबोट बुडाली, हजारावर बळी गेले. पुढच्याच वर्षी शिउन मारू बुडाली. मृतांत सहलीला निघालेली शाळकरी मुलं मोठ्या संख्येने होती. अध्यक्षांनी पद सोडलं आणि कुणाला नको असलेल्या त्या खुर्चीवर ७१ वर्षांचे शिंजी सोगो बसले.

सोगोंनी पहिलं मोठं काम केलं ते अभियंते हिदेओ शिमा यांना परत बोलावण्याचं. साकुरागिचोच्या आगीनंतर शिमा रेल्वे सोडून गेले होते. त्यांचे वडील युद्धाआधीच्या योजनेत अग्रभागी होते.

दुसरीकडे रेल्वेच्या संशोधन संस्थेत लष्करातून बाहेर पडलेले अभियंते जमले होते. विमानं बनवायला बंदी होती, हातात विद्या होती. तादानाओ मिकी हे नौदलाचे विमान-रचनाकार. ओका या आत्मघाती विमानाच्या रचनेत त्यांचा हात होता, आणि ते ओझं त्यांनी आयुष्यभर वागवलं. रेल्वेत त्यांनी गाडीला हलका, हवा कापणारा आकार दिला. हाजिमे कावानाबे यांनी रुळांतून थेट चालकाच्या केबिनमध्ये वेगाचा इशारा पोचवण्याची आणि गरज पडल्यास आपोआप ब्रेक लावण्याची व्यवस्था रचली, कारण ताशी २०० किलोमीटरवर रुळाकाठचा सिग्नल भरवशाने वाचता येत नाही.

सर्वांत रंजक काम तादाशी मात्सुदाइरांचं. ठरावीक वेगापुढे डबा रुळांवर डावी-उजवीकडे हेलकावे खाऊ लागतो आणि वेळप्रसंगी घसरतो. जुने अभियंते दोष रुळांना देत. मात्सुदाइरांनी युद्धातल्या झिरो या लढाऊ विमानाच्या पंखांची थरथर अभ्यासली होती. हे हेलकावे गाडी स्वतःच निर्माण करते, हे त्यांनी ओळखलं. मग फिरत्या रोलरवर चाकं पळवून चाचण्या झाल्या आणि उपाय चाकांच्या आकारात व बोगीच्या, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्याच्या, स्प्रिंगमध्ये शोधला गेला. ३० मे १९५७ रोजी टोकियोच्या गिन्झा भागातल्या सभागृहात या मंडळींनी टोकियो-ओसाका तीन तासांत शक्य असल्याचं सांगितलं. तेव्हाची सर्वांत जलद गाडी साडेसात तास घेत होती!

खर्चाची बाजू तितकी उजळ नाही. संसद बिथरेल म्हणून सोगोंनी अंदाज मुद्दाम कमी दाखवला; सुमारे २०० अब्ज येनचे अखेर ३८० अब्ज झाले. पुढच्या सरकारने माघार घेऊ नये म्हणून १९६१ साली जागतिक बँकेकडून ८ कोटी डॉलरचं कर्ज घेतलं गेलं. लोकांच्या पैशाबाबतची ही लपवाछपवी मला पटत नाही. १९६३ साली सोगोंना जावं लागलं, पाठोपाठ शिमाही गेले. १ ऑक्टोबर १९६४ च्या उद्घाटनाला दोघांनाही बोलावणं नव्हतं.

तो सोहळा देशाने टीव्हीवर पाहिला. टीव्ही जपानमध्ये १९५३ सालीच आला होता. रिकिदोझानची कुस्ती बघायला चौकातल्या टीव्हींसमोर रस्ते अडत. १९६४ पर्यंत तो घराघरांत पोचला होता आणि नऊ दिवसांनी टोकियो ऑलिंपिक सुरू झालं. १९७० च्या ओसाका एक्स्पो या जागतिक प्रदर्शनाला सहा महिन्यांत सहा कोटींहून अधिक तिकिटं फाटली, गाड्या ओसंडून वाहिल्या. एक्स्पो संपल्यावर जागा रिकाम्या राहू नयेत म्हणून रेल्वेने ‘डिस्कव्हर जपान’ मोहीम काढली. तरुण मुली मैत्रिणींसोबत किंवा एकट्या, ‘अ‍ॅन-अ‍ॅन’ आणि ‘नॉन-नो’ मासिकं हातात घेऊन जुन्या गावांत फिरू लागल्या. हा बदल मला गाडीच्या वेगाइतकाच मोलाचा वाटतो.

महामंडळ मात्र शिंकान्सेन सुरू झाली त्याच आर्थिक वर्षात तोट्यात गेलं आणि पुन्हा वर आलं नाही. १ एप्रिल १९८७ रोजी त्याचे सहा प्रवासी कंपन्या आणि एक मालवाहतूक कंपनी असे तुकडे झाले. मागे सुमारे ३७ लाख कोटी येनचं कर्ज उरलं होतं. त्यातला मोठा वाटा पुढे सरकारी तिजोरीवर पडला.