निवड राखून ठेवल्याने एक ताबा जास्त मिळतो का?
अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलमध्ये नाणेफेक जिंकून निवडीचा हक्क (सुरुवातीला चेंडू घ्यायचा की किक मारून प्रतिस्पर्ध्याला द्यायचा, हे ठरवण्याचा) उत्तरार्धासाठी राखून ठेवला की चेंडूचा एक ताबा, म्हणजे आक्रमणाची एक पाळी, जास्तीचा मिळतो, ही वर्षानुवर्षे पसरलेली समजूत चुकीची आहे. ताबा आळीपाळीने बदलत असल्याने एका अर्धात सहसा फार तर एका ताब्याचा फरक पडतो आणि तो त्या अर्धाच्या सुरुवातीला चेंडू घेणाऱ्याच्या पदरात पडतो. म्हणजे हक्क राखून ठेवला की ही संधी पूर्वार्धात आधी चेंडू घेणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला मिळते, उत्तरार्धात आपल्याला. मध्यंतराच्या अलीकडे-पलीकडे सलग दोन ताबे मिळाले की लाभ डोळ्यांत भरतो, पण सामन्याचा पहिला ताबा आपणच सोडला होता, हे विसरले जाते. खरी काळजी घ्यायला हवी ती वेगळ्याच गोष्टीची: कर्णधाराने हक्क राखण्याऐवजी थेट किक मारणे निवडले, तर उत्तरार्धातील निवड प्रतिस्पर्ध्याकडे जाते आणि तेव्हाही तोच चेंडू मागू शकतो.