अराज्यवादी संघसत्तावाद

कारखाना, गोदी, रेल्वे वा शेती यांचा कारभार तिथे राबणाऱ्यांच्या संघानेच चालवावा, त्यावर मालक नको आणि सरकारही नको, असे मानणारी कामगार चळवळ. ‘अनार्को-सिंडिकॅलिझम’ या नावानेही ओळखतात. आज पगारवाढीसाठी भांडणारा संघच उद्या उत्पादन हाती घेणार, म्हणून त्याची बांधणी पहिल्या दिवसापासून त्या बेताने करायची. बर्लिनमध्ये डिसेंबर १९२२ला भरलेल्या परिषदेत चळवळीची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. भारतीय क्रांतिकारक एम. पी. टी. आचार्य तिथे हजर होते.

निर्णय कामाच्या जागी भरलेली सभा घेते. वरच्या परिषदेला जाणाऱ्याला सभा नेमका आदेश देते. आदेशाबाहेर बोलला तर त्याला परत बोलावते. मालकाशी बोलणी थेट, सरकारी लवाद टाळून. शहरातले संघ मिळून स्थानिक महासंघ, मग प्रांत, मग देश. पगारी पदाधिकारी जवळजवळ नाहीतच. आपल्याकडे वर्षानुवर्षे एकच वकील वा आमदार युनियनचा अध्यक्ष असतो, त्याच्या हे नेमके उलट.

स्पेनमधल्या या चळवळीच्या सीएनटी या महासंघाने (स्थापना १९१०) कातालोनियात १९१८ साली धंदेवार संघ मोडून एका उद्योगाचा एकच संघ केला. गोव्यातल्या मुरगाव बंदराच्या भाषेत सांगायचे तर क्रेनवाला, हमाल आणि कारकून एकाच संघात. पुढच्याच वर्षी बार्सिलोनाच्या वीज कंपनीतून आठ कारकुनांना काढले आणि संप ४४ दिवस चालला. छापखान्यातल्या कामगारांनी संपाविरुद्धच्या सरकारी सूचना जुळवायलाच नकार दिला. शेवटी सरकारला आठ तासांच्या दिवसाचा हुकूम काढावा लागला.

जुलै १९३६मध्ये लष्कराच्या बंडाने स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले, तेव्हा बार्सिलोनातल्या ट्रामगाड्या कामगारांनी ताब्यात घेतल्या. रूळ, तारा, वर्कशॉप असे विभाग पाडून प्रत्येकावर एक अभियंता आणि एक कामगार प्रतिनिधी नेमला, आणि शहरातली लढाई थांबल्यावर पाच दिवसांत गाड्या धावू लागल्या. पण बँका आणि सोने सरकारच्याच हाती राहिले. कच्चा माल आणि कर्ज यांसाठी संघांना सरकारच्या दारात जावे लागले. नोव्हेंबर १९३६मध्ये तर सीएनटीचे चार जण मंत्री झाले. युद्धाची निकड खरी होती. तरी परत बोलावता येणारा प्रतिनिधी हे तत्त्व तिथेच ढिले पडले.

गोव्यावर राज्य करणाऱ्या पोर्तुगालमध्येही ही चळवळ बलवान होती. तिथला सीजीटी महासंघ १९१९चा, त्याच वर्षीचे दैनिक ‘अ बाताल्या’ कामगारांच्या घरोघरी जाई. हुकूमशाहीने १९२७मध्ये दोन्हींवर घाला घातला. १९३३च्या कायद्याने संघ सरकारी साच्यात बसवले. त्याविरुद्ध १८ जानेवारी १९३४ला पुकारलेला संप चिरडला गेला. संघटनास्वातंत्र्य गोव्यालाही नव्हते.

गोव्यातली गावकारी, म्हणजे कोमुनिदाद ही गावच्या जमिनीची जुनी संस्था, हिच्याशी या विचाराची तुलना होते. जमीन सामाईक आणि निर्णय सभेचा, एवढे साम्य आहे. मात्र गावकारपण, म्हणजे तिचे सभासदत्व, जन्माने, बापाकडून मुलाकडे येते. शेतात राबणारे कूळ वा बाई सभेबाहेरच. खाजणातही, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतातही, तेच दिसते. मानशीचा, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराचा, लिलाव घेतलेला ठेकेदार मासळीसाठी दार जास्त वेळ उघडे ठेवतो, खारे पाणी भाताच्या मुळाशी जाते आणि पीक जाते ते कसणाऱ्याचे.