घरातले गोचीड आणि त्यांच्यापासून येणारा ताप

गोचिडांच्या फवारणीसाठी तुम्ही आम्हाला बोलावता, तेव्हा तक्रार बहुतेकदा कुत्र्याच्या खाजेची असते. पण गोचीड माणसालाही चावतो आणि त्याच्या लाळेतून रिकेट्सिया नावाचे जिवाणू आपल्या अंगात शिरू शकतात. आपल्या देशात यातून होणारा ओळखीचा आजार म्हणजे इंडियन टिक टायफस. रिकेट्सिया कोनोरी हा त्याचा जिवाणू आणि कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड त्याचा वाहक. महाराष्ट्रातही याचे रुग्ण आढळले आहेत.

ताप कसा असतो

गोचीड चावल्यावर साधारण आठवडाभराने सणकून ताप भरतो. डोकं ठणकतं, अंग मोडून येतं. तीन-चार दिवसांनी मनगटं आणि घोट्यांपासून लालसर पुरळ उठायला लागतं. जिवाणू बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात वाढतात, वाहिन्या झिरपू लागतात आणि त्याचेच ठिपके कातडीवर उमटतात. हे पुरळ तळहात-तळपायांवरही येतं, ही महत्त्वाची खूण. चावलेल्या जागी काळी खपली धरते, पण आपल्याकडच्या रुग्णांत ती पुष्कळदा नसतेच.

गोचीड चावताना दुखत नाही, त्यामुळे अनेकांना तो चावल्याचं कळतही नाही. त्यात हा ताप सुरुवातीला डेंगी किंवा गोवरासारखा वाटतो. म्हणून आमची कळकळीची विनंती: घरात कुत्रा आहे, गोचीड झाले होते, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. रक्ततपासणीत हा आजार पहिल्या आठवड्यात बरेचदा सापडत नाही, म्हणून संशय आला की डॉक्टर अहवालाची वाट न पाहता डॉक्सिसायक्लिन सुरू करतात. वेळेवर दिलं तर दोन-तीन दिवसांत ताप उतरतो. पेनिसिलिन गटातली नेहमीची औषधं इथे चालत नाहीत. उशीर झाला तर मेंदू, फुप्फुसं, मूत्रपिंडांपर्यंत त्रास जाऊ शकतो. घरच्या घरी गोळ्या घेऊन दिवस काढू नका.

सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या ग्राहकांसाठी: माकडतापही गोचिडांमुळेच येतो, पण तो विषाणूचा आजार आहे आणि ते गोचीड जंगलातले. घरातल्या फवारणीने त्याला आळा बसत नाही.

अंगावर गोचीड दिसला तर

बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला अगदी लागून धरा आणि सरळ, सावकाश वर ओढा. रॉकेल, चुना, पेटती काडी यांपैकी काही लावू नका. बोटांनी चिरडू तर मुळीच नका, त्याच्या अंगातल्या द्रवातूनही लागण होते. काढलेला गोचीड स्पिरिटमध्ये टाका, जागा साबणाने धुवा आणि पुढचे दोन आठवडे तापावर लक्ष ठेवा. मुलांच्या कानामागे आणि केसांत आवर्जून बघा.

फवारणी कुठे आणि का

रक्त पिऊन फुगलेली मादी एरंडाच्या बीएवढी दिसते. ती कुत्र्यावरून गळून पडते, भिंतीच्या फटीत शिरते आणि हजारोंनी अंडी घालते. उपाशी गोचीड महिनोन्‌महिने तग धरतो. त्यामुळे नुसतं कुत्र्याला आंघोळ घालून भागत नाही. आम्ही स्कर्टिंगच्या फटी, दाराच्या चौकटी, कुत्र्याच्या गोणपाटाखालची जागा आणि भिंतीचा वरचा भागही फवारतो, कारण हे गोचीड वर चढतात. अंड्यांवर औषधाचा फारसा परिणाम होत नाही, म्हणून दुसरी फेरी लागतेच. एकाच फेरीत काम होईल असं आम्ही कुणाला सांगत नाही.

आम्ही येण्याआधी माशांची टाकी झाकून पंप बंद करा. मांजर असेल तर फोनवरच सांगा, कुत्र्यांसाठीची काही औषधं मांजराच्या जिवावर बेततात. आमचं औषध जनावराच्या अंगावर मारायचं नाही. कुत्र्यासाठीचं औषध पशुवैद्यांकडून त्याच दिवशी लावून घ्या. आमची वेळ ठरवताना त्यांची वेळही घेऊन ठेवा.