किंमत सांगणारा आणि वस्तू जपणारा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या जुन्या घरांत वाटणीची वेळ आली की माळ्यावरचं सामान खाली उतरतं. पितळी समया, गौरीचे मुखवटे, बिदरी हुक्क्याचं बूड, रविवर्मा प्रेसची लक्ष्मी. कुणीतरी म्हणतं, जाणकाराला बोलवा. आता जाणकार म्हणजे कोण? सराफ चांदी वजनावर तोलतो, भंगारवाला पितळ मोडीत घ्यायला बघतो आणि पुण्याचा भाचा मोबाइलवर लिलावाच्या किमती शोधतो. हाच घोळ जरा वेगळ्या रूपात कॉलेजच्या पोरांतही दिसतो. ‘जुन्या वस्तूंचा कोर्स करायचाय’ असं ती म्हणतात, पण त्या एका वाक्यात पदव्युत्तर शिक्षणाचे दोन निराळे रस्ते असतात: एक मूल्यांकनाचा, दुसरा संवर्धनाचा.

अपघात झालेल्या गाडीपाशी विम्याचा सर्व्हेयरही वाकतो आणि मेकॅनिकही वाकतो, पण दोघांची वही वेगळी असते. तसंच हे. मूल्यांकन करणारा विचारतो: ही वस्तू काय आहे, कुठली, कधीची, खरी का, आज कोणत्या बाजारात कितीला जाईल? संवर्धन करणारा विचारतो: ही कशाची बनलीय, तिला काय होतंय, ते थांबवायचं कसं?

बिदरीचंच घ्या. बिदर आपल्या सीमाभागाच्या दुसऱ्या टोकाला, म्हणून ही भांडी इकडच्या घरांत असली तर नवल नाही. बिदरीचा धातू मुख्यतः जस्ताचा, त्यात थोडं तांबं. वर कोरून चांदी बसवतात आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती नवसागरासोबत उकळून त्या पाण्यात वस्तू घालतात. त्यानं जस्ताचा भाग काळाभोर होतो, चांदी मात्र पांढरीच राहते. या कारागिरीला २००६ साली भौगोलिक मानांकन मिळालं.

मूल्यांकनवाला भिंग लावून आधी जडण बघेल. चांदीची तार ठोकलीय, म्हणजे तारकशी, की पत्रा कापून बसवलाय, म्हणजे तहनिशान? नक्षीची वळणं कोणत्या काळातली? बूड नंतर बदललंय का? असाच नग अलीकडे कुठे, कोणत्या अवस्थेत, कितीला विकला गेला? मग तो एक प्रश्न विचारतो, आणि माझ्या मते त्याच्या कामातला सगळ्यात मोलाचा प्रश्न तोच: किंमत हवीय कशासाठी? विम्यासाठी असेल तर तशीच वस्तू पुन्हा मिळवायला काय पडेल ते धरतात. वाटणीसाठी किंवा विक्रीसाठी असेल तर घेणारा खुल्या बाजारात काय देईल ते. घाईनं विकायची असेल तर आणखी खाली. एकाच हुक्क्याच्या तीन किमती निघतात आणि तिन्ही खऱ्या असतात. ‘काका एक सांगतात, तो माणूस दुसरं’ यावरून घरात होणारी निम्मी भांडणं हेतू न विचारल्यामुळे होतात.

संवर्धनवाल्याला यातल्या बऱ्याच गोष्टींशी घेणंदेणं नसतं. त्याचं लक्ष काळ्या थरावर. कुणी सणासुदीला चिंच लावून वस्तू घासलीय का? चिंचेच्या आंबटपणानं जस्त खाल्लं जातं आणि काळेपणा उडून राखाडी डाग पडतात. तो आधी चारी बाजूंनी फोटो काढील, अवस्थेची नोंद लिहील, एका कोपऱ्यात कापसाच्या बोळ्यानं चाचणी घेईल. उडालेला काळा रंग पुन्हा चढवायचा का, यावर मात्र या धंद्यात खरा वाद आहे. बिदरी कारागीर म्हणेल, त्यात काय, पुन्हा उकळू. संवर्धक कचरेल, कारण नवा थर चढला की जुन्या थराचा पुरावा गेला. मला कचरणाऱ्याची बाजू पटते, पण ती वस्तू रोज वापरायची असेल तर कारागीरही चुकीचा नाही.

रविवर्मा प्रेसच्या चित्रांत दोघांचं वेगळेपण झटकन कळतं. १८९४ मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढे मळवलीला गेलेल्या या छापखान्यातून घराघरांत ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखी दिसणारी रंगीत छापील चित्रं, पोचली. मूळ तैलचित्र, जुना शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेलं चित्र, आणि त्याची अलीकडची ऑफसेट नक्कल यांतला फरक ओळखणं हे मूल्यांकनवाल्याचं काम. ऑफसेटमध्ये भिंगाखाली ठिपक्यांची यांत्रिक जाळी दिसते, शिळाछापात हातानं टिंबलेले ठिपके, आणि तैलचित्रात कुंचल्याचे उंचवटे. संवर्धक त्याच चित्राची मागची बाजू उलटून पाहतो. चौकटीमागच्या फळीतून कागदात उतरलेलं आम्ल, पावसाळ्यातली बुरशी, झुरळ-कसरीनं खाल्लेल्या कडा. आपल्याकडच्या धो धो पावसात ही मागची बाजूच आधी जाते. फाटलेल्या जागी फेव्हिकॉल लावलेला दिसला की तो मान हलवतो, कारण आज केलेली दुरुस्ती उद्या नुकसान न करता काढता यावी असा त्याचा नियम आहे. म्हणून कागदाला जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची खळ, तर फुटलेल्या चिनीमातीला किंवा काचेला अ‍ॅसिटोनमध्ये विरघळणारं पॅरालॉइड बी-७२ हे चिकटवण. कागदावर उजेडही सुमारे ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) वर नको, असं तो सांगेल. आपल्या दिवाणखान्यात खिडकीसमोर टांगलेल्या लक्ष्मीला हे कोण सांगणार!

शिक्षणाची तयारीही त्यामुळे वेगळी. संवर्धनाला रसायनशास्त्र लागतं आणि हात स्थिर लागतो. अमेरिकेत विंटरथर संग्रहालय आणि डेलावेअर विद्यापीठ यांचा १९७४ पासून चालणारा तीन वर्षांचा मास्टर्स आहे. तिथे प्रवेशालाच रसायनशास्त्राचे विषय आणि आधीच्या कामाचा अनुभव मागतात. आपल्याकडे दिल्लीत १९८९ साली उभी राहिलेली राष्ट्रीय संग्रहालय संस्था, म्हणजे आताची नोएडाची भारतीय वारसा संस्था, संवर्धनात एम.ए. देते. लखनौच्या राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण प्रयोगशाळेचं प्रादेशिक केंद्र म्हैसूरला, म्हणजे आपल्याच कर्नाटकात आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून म्युझिऑलॉजी, म्हणजे संग्रहालयशास्त्र, शिकवतात. त्यात दोन्ही बाजूंची तोंडओळख होते.

मूल्यांकनाचा रस्ता इतका आखीव नाही. बाहेर सदबीज इन्स्टिट्यूटसारख्या लिलावगृहातून जन्मलेल्या संस्था आहेत, त्यांची फी ऐकून बेळगावचा बाप खाली बसेल. आपल्याकडे बहुतेक जण कलेतिहासात एम.ए. करतात आणि मग मुंबईच्या लिलावगृहात किंवा गॅलरीत उमेदवारी करून डोळा तयार करतात. मूल्यांकनवाल्याला कायदाही पाठ लागतो. १९७२ चा पुरावशेष कायदा १९७६ पासून लागू आहे. १०० वर्षांहून जुनी कलावस्तू, किंवा ७५ वर्षांहून जुनं महत्त्वाचं हस्तलिखित, या कायद्याखाली पुरावशेष ठरतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. रविवर्म्याच्या मूळ चित्रांनाही तशीच बंदी आहे. हस्तिदंताची डबी तर विकायचा विचारच सोडावा लागतो. तेव्हा लंडनच्या लिलावातला आकडा बघून इथल्या वस्तूची किंमत ठरवणारा माणूस अर्धवट शिकलेला समजावा.

दोन्ही कामं एकाच माणसाला देऊ नयेत, असं मी म्हणेन. ‘साफ केली तर दुप्पट मिळतील’ असं सांगणाराच साफसफाईचं बिल लावत असेल, किंवा कमी किंमत सांगून स्वतःच विकत घेत असेल, तर काय समजायचं ते समजा. अमेरिकेतल्या मूल्यांकनाच्या मानकांनुसार, निघालेल्या किमतीवर टक्केवारीनं फी घेता येत नाही. आपल्याकडे ‘इतके टक्के द्या’ म्हणणारे दलाल असतात, त्यांना आधी हेच विचारावं.

सीमाभागातल्या पोरांकडे एक भांडवल मात्र आहे, आणि ते दोन्ही रस्त्यांवर चालतं. वस्तू कुणाकडून कुणाकडे आली याचे कागद इथे मोडी लिपीत, कन्नडात, क्वचित गोव्याकडून आलेले पोर्तुगीजमध्ये असतात. मराठी आणि कन्नड दोन्ही येणाऱ्यानं मोडी शिकून घेतली, तर वस्तूच्या मालकीची साखळी तो स्वतः वाचू शकतो. मूल्यांकनात त्या साखळीनं किंमत बदलते. संवर्धनात तोच मोडी कागद स्वतंत्र रुग्ण असतो: शाई पाण्यानं उतरते का हे तपासल्याशिवाय त्याला ओलं करायचं नाही, आणि लॅमिनेशन तर मुळीच नाही. बी.एस्सी. रसायनशास्त्र झालेल्यानं म्हैसूर किंवा नोएडाची चौकशी करावी. इतिहास, कायदा किंवा वाणिज्य शाखेतून आलेल्यानं कलेतिहासाकडे वळून मुंबईत उमेदवारी धरावी. प्रवेशाच्या अटी दरवर्षी बदलतात, त्या थेट संस्थेकडूनच घ्याव्यात.