यकृताच्या रक्तचाचण्यांचा अर्थनिर्णय

'एलएफटी' (लिव्हर फंक्शन टेस्ट) या नावाने परिचित असलेल्या यकृताच्या रक्तचाचण्यांतील बिघाडाचे कारण आणि गांभीर्य ठरवण्याची सर्वसाधारण वैद्यकीय व्यवसायातील पद्धत. विम्यासाठी किंवा शस्त्रक्रियेपूर्वी केलेल्या तपासणीत एखादा आकडा ठळक अक्षरांत छापून येतो आणि काहीही त्रास नसलेला माणूस धास्तावून फॅमिली डॉक्टरकडे येतो. बहुधा सुरुवात अशीच होते.

यकृताच्या 'कार्याच्या' चाचण्या हे नाव दिशाभूल करणारे आहे. एसजीपीटी व एसजीओटी ही विकरे (एन्झाइम) पेशींना इजा झाली की रक्तात उतरतात. यकृत काम किती करते ते त्यांवरून कळत नाही. त्यासाठी अल्ब्युमिन (यकृत तयार करते ते प्रथिन), बिलिरुबिन (काविळीत वाढणारे पिवळे रंगद्रव्य) आणि रक्त गोठण्याचा काळ पाहावा लागतो. शिवाय एसजीओटी स्नायूंतही असते. जिममध्ये नव्याने जोरात व्यायाम सुरू केलेल्या तरुणाचे एसजीओटी वाढले, तर यकृताआधी सीपीके हे स्नायूंचे विकर तपासावे.

सुटा आकडा फारसे बोलत नाही, आकड्यांची जुळणी बोलते. एसजीपीटी हजारांत गेले तर हिपॅटायटिस ए किंवा ई, औषधाची इजा किंवा यकृताचा रक्तपुरवठा खुंटणे यांचा विचार आधी येतो. अल्कलाइन फॉस्फटेज आणि जीजीटी ही आणखी दोन विकरे दोन्ही चढली तर पित्तमार्गाकडे पाहून सोनोग्राफी करावी. जीजीटी ठीक असेल तर फॉस्फटेज हाडांतून आलेले असू शकते. वाढत्या वयाच्या मुलांत व गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत ते वाढलेले असणे स्वाभाविकच. एसजीओटी एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त, पण ३०० च्या आत असेल तर दारूची शंका बळावते. फक्त अप्रत्यक्ष (यकृताने अजून प्रक्रिया न केलेले) बिलिरुबिन किंचित वाढलेले आणि रक्तपेशी फुटण्याची चिन्हे नसतील, तर ते बहुधा गिल्बर्ट लक्षणसमूहाचे असते. १९०१ मध्ये वर्णिलेली ही निरुपद्रवी अवस्था उपाशी राहिल्यावर किंवा तापात उठून दिसते. तिला कावीळ समजून महिनोन्‌महिने पथ्य पाळणारी माणसे आजही भेटतात, हे वाईट आहे.

महाराष्ट्रात पावसाळा ध्यानात ठेवावा लागतो. डेंग्यूत एसजीओटी बहुधा एसजीपीटीपेक्षा जास्त चढते. लेप्टोमध्ये (लेप्टोस्पायरोसिस या जंतुसंसर्गात) डोळे गर्द पिवळे, बिलिरुबिन खूप वाढलेले, पण विकरे त्या मानाने बेताची असतात. अशा रुग्णाची लघवी आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन त्याच दिवशी पाहावे.

औषधांची चौकशी नेमकी हवी. 'काही घेता का?' या प्रश्नाला 'नाही' हेच उत्तर मिळते, कारण काढा किंवा चूर्ण हे औषध वाटतच नाही. मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेणाऱ्या रुग्णांतील यकृतदाहाची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा त्यावर वादही झाला. प्रश्न मात्र विचारलाच पाहिजे. क्षयाच्या उपचारात एसजीपीटी मर्यादेच्या पाचपट झाले, किंवा मळमळ, कावीळ अशा लक्षणांसह तिप्पट झाले, तर यकृताला अपायकारक गोळ्या थांबवतात.

किरकोळ वाढीचे नेहमीचे कारण फॅटी लिव्हर. तिथे 'लिव्हर टॉनिक' लिहून देऊन तीन महिन्यांनी पुन्हा एलएफटी करण्याचा रिवाज आहे. त्यात खरा प्रश्न राहूनच जातो : यकृत कितपत कडक झाले आहे? हिपॅटायटिस बी व सी, साखर, दारू आणि कंबरेचा घेर यांबरोबर यकृताच्या कडकपणाचा अंदाज देणारा फिब-४ हा गुणांक काढावा. वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट (हजारांत) आणि एसजीपीटीचे वर्गमूळ यांचा गुणाकार. १.३ च्या खाली धोका कमी, २.६७ च्या वर तज्ज्ञाकडे पाठवावे. पासष्टीपुढे खालची मर्यादा २ धरतात.

उदाहरणार्थ, ४६ वर्षांच्या माणसाचे एसजीपीटी ७८, एसजीओटी ५२, प्लेटलेट २ लाख ४० हजार : गुणांक सुमारे १.१. दुसरा ५८ वर्षांचा, एसजीपीटी ४०, एसजीओटी ६२, प्लेटलेट १ लाख १० हजार : गुणांक ५ च्या वर. पहिल्याच्या अहवालात दोन आकडे ठळक आहेत आणि त्याला वजन उतरवायचे आहे. दुसऱ्याचे एसजीपीटी मर्यादेत छापून आले आहे, आणि सिऱ्होसिसची (यकृत कायमचे कडक होण्याची) तपासणी त्याची व्हायला हवी.