उतारा नसलेली भुतं

अलीकडची मराठी भयकथा वाचून वाचनालयात परत करायला आलेल्या वाचकाची सांगलीत एक ठरलेली तक्रार असते. "लिहिलंय झकास, पण शेवटी काही झालंच नाही." म्हणजे भूत गेलं नाही, शाप सुटला नाही, घर विकलं गेलं नाही आणि नायकाचं पुढे काय झालं तेही लेखकाने सांगितलं नाही. गूढ-अद्भुताच्या नव्या कादंबऱ्यांबद्दलही हेच ऐकू येतं.

तक्रार खोटी नाही. मात्र नव्या लेखकांना शेवट जमत नाही, असा तिचा अर्थ मी लावत नाही. आपल्याकडे भीती आणि तिच्यावरचा उतारा या दोन गोष्टी कायम एकाच ताटातून वाढल्या गेल्या. त्या वेगळ्या व्हायला बराच काळ लागला, आणि त्यातला मोठा भाग सांगली-साताऱ्याच्या पट्ट्यातच घडला.

या भागातल्या पोराला भूत ठाऊक होतं त्याच्या आधी त्याचं औषध पाठ झालेलं असतं. 'भूतप्रेतसमंधादि रोगव्याधी समस्तही, नासती तूटती चिंता आनंदे भीमदर्शने.' संध्याकाळी दिवा लावल्यावर म्हणायच्या मारुतिस्तोत्रातली ही ओळ समर्थ रामदासांची. त्यांची समाधी साताऱ्याजवळ सज्जनगडावर. त्यांनी स्थापलेले अकरा मारुती चाफळ, उंब्रज, मसूर अशा सातारा जिल्ह्यातल्या गावांत, आमच्याकडे शिराळ्याला आणि बहे इथल्या कृष्णेतल्या बेटावर, तर काही कोल्हापूरकडे. मारुतीच्या जोडीला घरातलं मीठ-मोहरी-मिरच्या होत्याच. आजी 'आल्यागेल्याची, भुताखेताची' म्हणत दृष्ट काढायची, मिरच्यांचा ठसका आला नाही की 'केवढी लागली होती बघ' असा निकाल द्यायची, आणि फारच झालं तर तिकटीवर, म्हणजे तीन वाटा मिळतात तिथे, भात, गुलाल, लिंबू ठेवलं जायचं. सकाळी तिकटीवरून शाळेत जाताना त्या भाताकडे न बघता लांब टांग टाकायची, एवढंच भयसाहित्य पुष्कळांच्या वाट्याला आलं. मुंजा पिंपळावर, आसरा पाण्यात, वेताळ शिवेवर. सगळ्यांचे पत्ते ठरलेले, आणि प्रत्येकाला काय दिलं की तो गप्प बसतो तेही ठरलेलं.

रंगभूमीवरची मराठी भीतीही सांगलीचीच. १८४२च्या सुमारास कर्नाटकातून भागवत मंडळींचे खेळ इथे आले. ते पाहून संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी विष्णुदास भाव्यांना तसंच काही मराठीत करायला सांगितलं, आणि १८४३ साली 'सीतास्वयंवर' झालं. मराठी नाटकाचा जन्म म्हणून ही तारीख आपण दर ५ नोव्हेंबरला साजरी करतो. त्या जन्मात राक्षसांचा वाटा किती मोठा होता, हे मात्र सत्काराच्या भाषणांत फारसं येत नाही. भाव्यांच्या वळणाच्या नाटकात सगळी पदं सूत्रधार म्हणायचा. आधी विदूषक, मग गणपती, मग मोरावर बसलेली सरस्वती, आणि नंतर कथा सुरू. संवाद बरेचसे नटाने ऐनवेळी रचायचे. अशा सावकाश चाललेल्या खेळात एकाएकी राळेचा भपका उडायचा आणि 'अलल डुर्र' अशी आरोळी ठोकत राक्षस आत घुसायचे. मशालींचा उजेड, रंगवलेली तोंडं, तलवारींचा खणखणाट. आज 'अलल डुर्र' हा थट्टेचा शब्द झालाय. पण विजेचा दिवा न पाहिलेल्या माणसासमोर अंधारातून पेटत्या राळेसकट ती आरोळी आली, तर पुढच्या रांगेतल्या पोरांचं काय होत असेल याचा अंदाज करता येतो. आवाज आणि अचानक उजेड ही भयपटांची दोन हत्यारं सांगलीकरांनी १८४३ सालीच पाहिली होती. फरक इतकाच, की राक्षस कितीही नाचला तरी तो मरणार हे प्रेक्षकाला घरून निघतानाच माहीत असायचं. भीती हा मधला खेळ, शेवट देवाचा.

छापील पुस्तकांची कथा त्याच्याही आधी सुरू होते. सदाशिव काशीनाथ छत्र्यांची 'वेताळपंचविशी' १८३० सालची. तिचं मूळ शोधत गेलं तर सोमदेवाच्या अकराव्या शतकातल्या 'कथासरित्सागरा'पर्यंत, आणि तिथून दंतकथेतल्या गुणाढ्यापर्यंत पोचता येतं. सातवाहनांच्या दरबारी असलेल्या या गुणाढ्याने म्हणे 'पैशाची' नावाच्या जुन्या प्राकृत भाषेत, स्वतःच्या रक्ताने सात लाख श्लोक लिहिले. राजाने ते नाकारले, तेव्हा एकेक पान रानातल्या पशुपक्ष्यांना वाचून दाखवत त्याने सहा लाख श्लोक जाळले. गूढकथांच्या जन्माची गोष्टच इतकी गूढ असलेली परंपरा आपली आहे, तरी आपण भयकथा म्हटलं की अमेरिकेकडे बघतो. असो. पुढे १८६१ची 'मुक्तामाला', १८६८ची 'मंजुघोषा' या अद्भुतरम्य कादंबऱ्या आल्या. त्यांत चमत्कार रेलचेल, भीती बेताचीच. त्या मी अभ्यास म्हणून वाचल्या आणि दुसऱ्यांदा वाचणार नाही.

आधुनिक मराठी भयकथा म्हणजे नारायण धारप. १९२५ ते २००८ हा त्यांचा काळ, शंभरावर पुस्तकं. गावोगावच्या वाचनालयांत धारपांची पुस्तकं कव्हर सुटलेली, पुन्हा शिवलेली, कडेला तेलकट बोटांचे ठसे उमटलेली मिळतात. लोकप्रियतेचा याहून चांगला पुरावा मी मागणार नाही. अमेरिकन भयकथाकार स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वरून त्यांनी 'लुचाई' बेतली, 'इट'वरून 'शपथ'. त्यावरून त्यांना नावं ठेवणारे आहेत, पण परक्या भुताला मराठी वाड्यात नांदायला लावणं सोपं नसतं. धारपांचं वातावरण अस्सल मराठी आहे. तिन्हीसांजा, बंद खोली, मागच्या दाराचा अडसर. त्यांच्या एका मोठ्या कथामालेचा नायक मात्र माझ्या लेखी धारपांची ताकदही आहे आणि मर्यादाही. त्याचं नाव समर्थ. हे नाव साताऱ्याच्या माणसाच्या कानावर पडलं की त्याला पुढचं सांगावं लागत नाही. अमानवी शक्ती कितीही मोठी असो, समर्थ तिचा बंदोबस्त करणार. मारुतिस्तोत्रातली ओळ कादंबरीत शिरली ती अशी. समर्थ दारात उभे राहिले की माझी भीती तिथेच संपते. पुढची पानं मी उत्सुकतेने वाचतो, पण पाय पांघरुणाबाहेर काढून.

हा उतारा पहिल्यांदा काढून घेतला रत्नाकर मतकरींनी. त्यांच्या गूढकथांत मांत्रिक क्वचित, आणि भूत असलंच तर माणसाच्या आत. मुंबईची जागा, नोकरी, लग्न, शेजारी. काहीतरी किंचित वाकडं होत जातं आणि शेवटच्या चार ओळींत पायाखालची फळी निघते. 'खेकडा', 'मध्यरात्रीचे पडघम', 'गहिरे पाणी' ही नावं घेतली तरी एका पिढीच्या अंगावर काटा येतो. धक्क्याच्या शेवटाची एक अडचण असते, ती दुसऱ्या वाचनात कळते. मतकरींच्या ज्या कथा धक्का माहीत असूनही टिकतात, त्याच मी मोठ्या मानतो.

जी. ए. कुलकर्णी हे नाव भयकथेच्या यादीत कोणी घालत नाही. घालायला हवं. 'काजळमाया'तला 'विदूषक', 'रमलखुणा'तल्या 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दीर्घकथा नकाशावर नसलेल्या प्रदेशांत घडतात, तिथे नियतीपुढे ना देव चालतो ना मंत्र. आज ज्याला डार्क फँटसी म्हणून वेगळं कपाट मिळतं, ते धारवाडला बसून सत्तरच्या दशकात लिहून झालेलं होतं. कपाट नव्हतं, म्हणून आपण त्याला फक्त 'जीएंची कथा' म्हटलं.

ग्रामीण कथेने मात्र भुताला हसून वाटेला लावलं. द. मा. मिरासदारांचा 'भुताचा जन्म' वाचलेल्या माणसाला अफवेतून भूत कसं तयार होतं ते वेगळं शिकवावं लागत नाही. २०२४चा 'मुंज्या' हा चित्रपट त्याच हसऱ्या घराण्यातला, भाषा हिंदी असली तरी.

नंतरचा मोठा बदल साहित्याबाहेरून आला. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्या कायद्याची अनुसूची भयकथेच्या वाचकाने एकदा तरी वाचावी. भूत उतरवण्याच्या बहाण्याने दोराने किंवा साखळीने बांधणं, काठीने मारणं, मिरचीची धुरी देणं, छताला टांगणं, पादत्राणं भिजवलेलं पाणी पाजणं. कोरड्या सरकारी भाषेतली ही यादी कुठल्याही कादंबरीपेक्षा जास्त घाबरवते, कारण तिच्यातली प्रत्येक गोष्ट कुठेतरी कुणाला तरी करून झालेली आहे. हे वाचल्यावर मांत्रिकाला तारणहार करणं शहाण्या लेखकाला जड जातं. भूत उरतं, ते काढणारा उरत नाही. शेवट उघडे राहायला लागले, त्यामागे हे एक मोठं कारण आहे असं मला वाटतं.

राही अनिल बर्वेंच्या 'तुंबाड' चित्रपटाने २०१८ साली भीती आणि उताऱ्याची ही गाठ सगळ्यांत नीट दाखवली. त्यातल्या आजीचा धागा धारपांच्या 'आजी' कथेचा, आणि ती कथा किंगच्या 'ग्रॅमा'वरून आलेली. चित्रपटात उतारा आहे. पिठाचं रिंगण आखलं की हस्तर, म्हणजे सोनं बाळगणारा शापित देव, आत येत नाही. आजीला झोपवायलाही त्याचंच नाव पुरतं. म्हणजे तिकटीवरच्या भाताचंच शास्त्र. पण उपाय हाताशी असून माणूस सोन्यासाठी पुन्हा पुन्हा खाली हस्तरकडे उतरतो, १९१८ ते १९४७. उतारा चालतो, हाव चालू देत नाही. २०२४मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा पोरांनी पहिल्यापेक्षा जास्त गर्दी केली.

आजच्या लेखकांत मी हृषीकेश गुप्त्यांना वर ठेवतो. 'घनगर्द', 'हाकामारी', 'दंशकाल'. रात्री नावाने हाक मारणारी हाकामारी ही आपल्या आज्यांनी सांगितलेलीच गोष्ट, पण इथे ओ कुणी दिली यापेक्षा का दिली हे जास्त खुपतं. बाकी नव्या लेखनात दोन प्रकार दिसतात. एकात उतारा नाही कारण कथेला तो परवडणारच नाही. दुसऱ्यात उतारा नाही कारण लेखकाला काही सुचलं नाही, आणि धुकं, कावळा, जुना आरसा यांवर त्याने दिवस ढकलले. सांगलीच्या वाचकाची तक्रार दुसऱ्या प्रकाराला शंभर टक्के लागू आहे.

लांबलचक, अनेक खंडांची काळी अद्भुतकथा मराठीत रुजली नाही, त्याचं कारण बरंचसं व्यवहारी आहे. आपली गूढकथा वाढली 'नवल', 'धनंजय'सारख्या दिवाळी अंकांत आणि आठवड्याने पुस्तक परत करायच्या वाचनालयांत. तिला वीस-पंचवीस पानांत माणूस घाबरवायची सवय लागली. आता लोक भांडी घासताना, एसटीत बसून धारप-मतकरी कानाने ऐकतात, आणि ऐकणाऱ्याला पंधरा-पंधरा तासांची गोष्ट चालते. आमच्याकडच्या दोन-तीन लिहित्या पोरांनी तेवढ्या लांबीची कथा मांडायला घेतली आहे. त्यातल्या एकीची कृष्णेच्या पुरात सुरू होते. २०१९ साली आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्या पाण्यातल्या आसरांना काय द्यायचं, हे तिच्या कथेतल्या एकाही म्हातारीला आठवत नाही.